वरच्या मजल्यावरच्या बाई

४ जानेवारी

नोंदवहीत पाण्याचं तापमान, खारेपणा आणि कोणी किती खाल्लं एवढंच लिहायचं, बाकीचं मनात ठेवायचं, असं मासे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. माझं मन म्हणजे काय गोदाम आहे? म्हणून येताना ही वही घेतली. हिच्यात मी मला हवं ते लिहीन आणि कुणाला दाखवणार नाही.

आमच्या मत्स्यालयाची निळी खोली माझ्याकडे आहे. काचेच्या मोठ्या टाक्या, त्यांच्यामागून झिरपणारा उजेड, आणि पाणी खेळवणाऱ्या पंपाची घरघर. सकाळी कुलूप काढून आत शिरलं की आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच, हे कळायला जरा वेळ लागतो. त्यात यंदा धुकं असं पडलंय की रस्त्यावरही तीच गत. माणसं समोरून येतात, हलके हलके मोठी होतात आणि बाजूने निघून जातात. पावलं तेवढी ऐकू येतात.

कोपऱ्यातल्या टाकीत आमचा भाडेकरू राहतो. भाडेकरू म्हणजे शंखातला खेकडा. याचं पुढचं अंग कडक आणि मागचं मऊ, उघडं. म्हणून हा गोगलगायीच्या रिकाम्या शंखात घुसतो आणि घर पाठीवर घेऊन हिंडतो. त्या घराच्या छपरावर एक समुद्रफूल बसलंय. फूल नुसतं म्हणायचं, आहे तो प्राणी. बुडाने शंखाला घट्ट चिकटलेला, वर बोटांचा झुबका, आणि बोटांना विष. ऑक्टोपस खेकड्याला धरायला आला की ती बोटं त्याला अशी डसतात की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. बदल्यात भाडेकरू जेवताना जे सांडतो ते या समुद्रफुलाच्या वाट्याला. मी त्याला वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणते.

आता भाडेकरूला घर अपुरं पडतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हा लवकरच घर बदलेल. लक्ष ठेवा, पण हात घालू नका. नुसतं बघायचं." म्हटलं, बघेन. वयाने माझ्या निम्म्या आहेत, पण सांगतात अशा की जणू मी काल कामाला लागले.

७ जानेवारी

भाडेकरू आज दिवसभर दगडाआड बसून राहिला, म्हणून घरचं लिहिते.

घरात मी आणि सून, दोघीच. मुलगा तापाने गेला तेव्हा तिच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, मी आईंजवळ राहते. मी तेव्हाच ओळखलं, पोरीला आधार हवाय. तेव्हापासून मी तिला सांभाळते आहे, आणि कुणी विचारलं तर तसं सांगतेही.

ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून दमते. संध्याकाळी रिकामी बसली तर मनात नको ते येईल, म्हणून मी तिला काहीतरी काम काढून देते. पाणी ती भरते, बाजार ती करते, माझ्या गुडघ्यांना तेल ती चोळते. आमचा जिना काळोखा आहे. तिला भीती वाटत असणार, म्हणून आम्ही हात धरून उतरतो. रात्री एकटीला तिला झोप लागत नाही, म्हणून मी मधलं दार उघडं ठेवते आणि अधूनमधून विचारते, "झोपलीस का गं?" दर वेळी म्हणते, "नाही, आई." म्हणजे बघा, लागतच नाही.

पहाटे एक स्वप्न पडलं. मी कुणाच्या तरी पाठीवर बसलेय, खाली हिरवं पाणी, आणि ते जे कोण होतं ते मला घेऊन सावकाश चाललंय. तोंड दिसत नव्हतं. फार बरं वाटत होतं. लहानपणीचं काहीतरी असेल.

१२ जानेवारी

निळ्या खोलीत आज एक गृहस्थ आले. जमिनीच्या मोजणीचं काम करतात म्हणे. बुटांना चिखल, खांद्यावर लांबलचक पिशवी, त्यात मोजपट्टी गुंडाळलेली. लोक येतात, शार्क कुठे विचारतात, नाही म्हटलं की जातात. हे भाडेकरूसमोरच्या बाकावर बसले ते बसलेच. मग म्हणाले, "काकू, वर ते काय आहे?"

झालं. मला असं कुणी विचारलं की माझा तोंडाचा पट्टा सुरू होतो. वरच्या बाईंची सगळी हकीकत सांगितली. मोजणीवाले मान डोलावत ऐकत होते. मध्येच दोन-तीनदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बुजरा माणूस दिसतो.

जाताना लक्षात आलं, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. म्हटलं, "अहो, आमची सून चष्म्याच्या दुकानात आहे. चौकातच. जाऊन दुरुस्त करून घ्या." म्हणाले, "हो, जाईन." कान लालभडक झाले होते. थंडी आहेच तशी.

१५ जानेवारी

मोजणीवाले पुन्हा आले. चष्मा दुरुस्त झालाय, पण आता दुसऱ्या बाजूची दांडी सैल. काय माणूस आहे! मोजमापाचं नाजूक काम हे कसं करतात देव जाणे.

आज त्यांना मोठी टाकी दाखवली. तिथे ताटाएवढं समुद्रफूल आहे, आणि त्याच्या विषारी बोटांत नारंगी-पांढरे पट्टेवाले मासे घर केल्यासारखे राहतात. दुसरा कुठला मासा तिथे शिरला तर मेलाच. यांना काही होत नाही, कारण यांच्या अंगावर तसा बुळबुळीत थर चढलेला असतो. पण जन्मतः कुणी असा थर नीट घेऊन येत नाही, तो सवयीने पक्का होतो. आम्ही परवा नवा मासा सोडलाय, तो अजून बाहेरच घुटमळतोय. शेपटीचं टोक लावतो आणि पळतो. पुन्हा येतो, पोट घासतो, पुन्हा पळतो.

मोजणीवाले काचेला नाक लावून म्हणाले, "फूल डसत नाही का त्याला?"

"डसतं तर. सुरुवातीला चांगलंच डसतं."

"मग तो परत कशाला जातो?"

"राहायचं असतं त्याला तिथे."

"म्हणजे डसलं तरी थोडं थोडं जात राहायचं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मी म्हटलं, बरोबर. इतका मन लावून ऐकणारा माणूस माझ्या सगळ्या नोकरीत मला भेटला नाही. संध्याकाळी सुनेला सांगितलं, तर ती खाली मान घालून हसली. म्हटलं, हसतेस काय, तुझ्याच दुकानात येतो तो. म्हणाली, "आई, दुकानात पुष्कळ लोक येतात."

१८ जानेवारी

भाडेकरूसाठी टाकीत रिकामे शंख मांडले. एक तपकिरी, एक पांढरा, एक ठिपक्यांचा. दुपारभर तो एकेकाच्या तोंडात नांगी घालून आतून चाचपत होता. गिऱ्हाईक चिकट आहे. ठिपक्यांचा उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला. वरच्या बाई या सगळ्या धावपळीत डोलत होत्या, त्यांना कुणी काही विचारलेलं नाही.

पंप दुरुस्तीसाठी थोडा वेळ बंद होता. तेव्हा खोलीत इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास पाण्यातून आल्यासारखा ऐकू येत होता. मी बाकावर बसले आणि बहुधा डुलकी लागली. जागी झाले तेव्हा अंगावर सुनेची शाल होती. ती डबा द्यायला येऊन गेली असणार. मी डबा घरी विसरले होते, हे मला माहीतही नव्हतं.

२१ जानेवारी

मोजणीवाले आज नव्या चष्म्यात आले. आधीचा म्हणे हरवला. 

बाकावर बसून पिशवी मांडीवर घेतली. मग विचारलं, "काकू, हा घर बदलतो तेव्हा वरच्या बाईंचं काय होतं?"

"बहुतेक खेकडे बरोबर घेऊन जातात."

"आणि बाई नाही म्हणाल्या तर?"

"त्यांना विचारतो कोण?"

"विचारायला हवं ना पण," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की मला वाटलं यांना बरं वाटत नाहीये. मग सांगू लागले की त्यांची बदली झालीय. दूर, डोंगरात. तिथे धरण व्हायचंय, त्याची मोजणी. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला निघायचं. हवा उत्तम, माणसं चांगली, पण समुद्र नाही. "तुम्ही कधी समुद्रापासून लांब राहिला आहात, काकू?"

म्हटलं, "नाही, आणि राहणारही नाही. माझा नवरा याच गावात गेला, मुलगा इथेच गेला. मला आता इथून हलवायचं म्हणजे चार माणसांनी उचलूनच न्यावं लागेल."

मोजणीवाल्यांनी मान हलवली आणि पिशवीचा पट्टा उगाच घट्ट करत राहिले. जायच्या आधी म्हणाले, "तिकडे ऊन छान येतं." हे मला कशाला सांगितलं कोण जाणे. एकट्या माणसाला नव्या जागी जायचं म्हणजे जिवावर येतच असणार. मला त्यांची दया आली.

२२ जानेवारी

सुनेचे डोळे सुजलेत. सर्दी. मी पाणी उकळून तिला वाफ घ्यायला बसवलं, डोक्यावरून चादर टाकली. चादरीखाली ती बराच वेळ बसली, पाणी गार झालं तरी. मी बाहेरून विचारलं, "सुटलं का नाक?" म्हणाली, "सुटतंय, आई."

२७ जानेवारी

आज नोंदवहीत काही लिहिलं नाही, आधी हे लिहिते.

आज दुपारी मोजणीवाले आले, पण बसले नाहीत. म्हणाले, "काकू, निरोप घ्यायला आलोय. त्या नाही म्हणाल्या."

"कोण त्या?"

"तुमच्या सूनबाई." मग जे थांबून थांबून सांगितलं त्याचा अर्थ असा की या दोघांचं वर्षभर चाललंय. म्हणजे चाललंय काय, हा चष्मे मोडतो आणि ती जोडते. लग्नाचं विचारलं होतं. तिने परवा साफ नाही सांगितलं. "म्हणाल्या, आई समुद्र सोडणार नाहीत आणि मी आईंना सोडणार नाही. मग मी विचार केला, काकू, की आपण स्वतःच तुम्हाला..."

मी पुढचं ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "निघा तुम्ही." ते म्हणाले, "एकदा ऐकून तर घ्या." मी पाठ फिरवून मोठ्या टाकीची काच पुसायला घेतली. स्वच्छ होती. बऱ्याच वेळाने वळून बघितलं तर बाक रिकामा.

खरं तेच लिहायचं असं ठरवलंय, म्हणून लिहिते. ती नाही म्हणाली हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला आनंद झाला. पोटात ऊब आल्यासारखा आनंद. राग नंतर आला. मला फसवलं याचा, मी मूर्खासारखी त्याला माशांच्या गोष्टी सांगत बसले याचा. आणि त्याच्याही नंतर, घरी जाताना धुक्यात, मला एकदम दिसलं की मी मेल्यावर ही पोर त्या दोन खोल्यांत एकटी बसली आहे. केस पांढरे झालेत आणि कुणीच तिला विचारत नाहीये की झोपलीस का. मला रस्त्यातच थांबावं लागलं.

२८ जानेवारी

ठरवलं की तिला पाठवायचंच. आणि तिला ओळखते मी, गोड बोलून ते जमणार नाही.

सकाळी माळ्यावरून तिची बॅग काढली. स्टुलावर चढून, गुडघ्यांची पर्वा न करता. ती स्वयंपाकघरातून आली आणि बघत राहिली. म्हटलं, "भर कपडे. जा त्याच्याबरोबर."

"आई, तो विषय संपलाय."

"माझ्यासाठी संपवू नकोस. मी काय पांगळी आहे? माझं मी बघेन."

"तुम्हाला एकटं ठेवून मी जाणार नाही. त्यावर बोलायचं नाही आपण." आवाज चढवला नाही तिने. तिचा तो शांतपणा मला सहनच होत नाही. मला हवं होतं तिने चिडावं, पाय आपटावे, दार आपटून निघून जावं. ती कपबशा आवरायला लागली. तेव्हा मी म्हटलं, "तू माझी कोण? मुलगा होता म्हणून तू सून. तो गेला तेव्हाच आपलं नातं संपलं. उगाच चिकटून बसू नकोस."

तिच्या हातात बशी होती. तिने ती पुसली, फळीवर ठेवली, हात पुसले. मग बॅग घेतली, दोन कपडे भरले आणि गेली. मोजणीवाल्याकडे नाही. दुकानाच्या मालकीणबाईंकडे गेली राहायला, हे मला शेजारणीने संध्याकाळी सांगितलं.

मला जे हवं होतं ते झालं. मग मी दिवसभर पाणीसुद्धा का प्याले नाही, ते मला माहीत नाही.

३० जानेवारी

आज फार वाईट केलं मी.

सकाळी निळ्या खोलीत गेले तर भाडेकरू नव्या घरात. पांढरा शंख घेतला शेवटी, अंगाला अगदी बरोबर. आणि जुना तपकिरी तिकडे कोपऱ्यात कलंडलेला, वर बाई तशाच. भाडेकरू आपल्या नव्या घराचा तोरा मिरवत टाकीभर फिरतोय, तिकडे ढुंकून बघत नाही. बाईंनी बोटं सगळी आत ओढून घेतलेली. मांसाचा एक लहानसा गोळा नुसता.

मला ते बघवेना. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "असं होतं कधीकधी. आधी घर बघतो, मग परत येतो. मावशी, हात लावू नका." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. वाट पाहिली. तो जवळून गेला, थांबला नाही. पुन्हा गेला, पुन्हा नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तू नाही नेत ना, मी नेते. बाही वर केली, हात पाण्यात घातला, जुना शंख धरला आणि बाईंच्या बुडाखाली नख सरकवून ओढलं. चांगल्यासाठीच. सोडवून नव्या शंखावर नेऊन ठेवायचं, एवढंच मनात होतं.

त्या सुटल्या नाहीत. फाटल्या. बुडाची एक कड शंखालाच राहिली आणि त्यातून पांढरे धागे निघून पाण्यात पसरले. माझ्या बोटांना विषाची आग होत होती, पण हात बाहेर काढायचं सुचत नव्हतं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा हात व्हिनेगरने धुतला, मग म्हणाल्या, "हिला ओढून कुणी काढू शकत नाही, मावशी. ओढलं की आणखी घट्ट धरते आणि मग फाटते. सुटायचं असलं की आपणहून बूड सैल करते. खेकडा नुसता थोपटतो." मी विचारलं, जगेल का. म्हणाल्या, भरूनही येतं, सडतंही. बघायचं.

३१ जानेवारी

घरात गेले, दिवा लावला नाही. तिच्या खोलीत तिच्या पलंगावर बसले. उशीला काचा घासायच्या पावडरीचा वास येतो, मला आजवर कधी आला नव्हता. मी खुळ्यासारखी मोठ्याने विचारलं, "झोपलीस का गं?" आणि मग मला कळलं की झोप कुणाला लागत नव्हती.

२ फेब्रुवारी

सकाळी लवकर गेले. धुकं दारातून माझ्याबरोबर आत आलं आणि उजेडात निळं झालं. टाकीत बाई तशाच, एका बाजूला कललेल्या, फाटलेली कड लोंबणारी. पण पाण्याला वास नव्हता. मी बाक ओढून काचेला लागून बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन ठेवले.

भाडेकरू दगडाआडून निघाला. या वेळी सरळ जुन्या शंखाकडे आला. त्याने एक पाय बाईंच्या अंगाला लावला आणि थांबला. मग दुसरा लावला. मग थोपटायला लागला. कधी हलके दाबायचा, कधी नुसतं कुरवाळायचा. बाईंनी अंग आणखी आखडून घेतलं. तो थांबला, पण गेला नाही. पुन्हा सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही, तिथे बसलं की वेळ पाण्यासारखाच इकडून तिकडे होतो. एकदा मला वाटलं की तो मलाच थोपटतोय, आणि मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बाई उमलत होत्या. एकेक बोट बाहेर येत होतं. आणि बूड सुटत होतं. आधी ती जखमी कड सुटली, मग बाकीचं, सावकाश, कुणीही न ओढता. भाडेकरूने त्यांना दोन नांग्यांत उचललं आणि आपल्या पांढऱ्या छपरावर टेकवून धरून ठेवलं, त्या चिकटेपर्यंत. वाकड्या बसल्यात. पण बसल्यात.

काच मला ओली दिसायला लागली तेव्हा कळलं की मी रडतेय. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की सगळं खेकड्याच्या हातात, न्यायचं की टाकायचं. पण त्याने कितीही थोपटलं तरी जुनं घर सोडायचं काम बाईंनाच करावं लागलं. त्याला ते करता आलं नसतं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

चौकापर्यंत एकटी गेले. जिना भिंतीला धरून उतरले, मध्ये दोनदा बसले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती काउंटरमागे काच पुसत होती. मला बघून उभी राहिली. मी म्हटलं, "नंबर काढायचाय." तिने आतल्या खुर्चीकडे बोट केलं.

ती काळी जड चौकट माझ्या नाकावर बसवली. समोर अक्षरांचा तक्ता. एक भिंग घातलं. "आता बरं दिसतंय की आधी बरं होतं?" सगळ्या गिऱ्हाइकांना विचारते त्याच आवाजात.

"काही दिसत नाही."

दुसरं घातलं. "आता?"

"नाही."

तिसरं हातात घेतलं आणि वाकून बघितलं. "आई, डोळे पुसा आधी. पाण्यातून कसं दिसेल?"

तिने आई म्हटल्यावर मग मला थांबवता आलं नाही. त्या चौकटीतूनच बोलले. म्हटलं, "मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं. तू जावंस म्हणून बोलले. मुलगा गेला तेव्हा मी संपलेच होते. तू राहिलीस म्हणून मी आज आहे. मी सगळीकडे सांगत फिरले की मी तुला सांभाळते. तू एकदाही मला खोटं पाडलं नाहीस." ती भिंग हातात धरून उभीच. मी म्हटलं, "त्याला हो सांग. माझ्यासाठी थांबू नकोस."

"तुम्हाला टाकून मी..."

"ऐक तरी. तिकडच्या घरात खोल्या किती आहेत?"

"दोन," ती म्हणाली. "का?"

"मग मी कुठे झोपणार?"

तिने भिंग खाली ठेवलं. चौकट माझ्या नाकावरून काढली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नुसती बघत राहिली.  मला वाटलं आता ही रडणार, पण ती हसायला लागली. इतकी हसली की आतून मालकीणबाई डोकावून गेल्या.

"व्हरांडा बंद करून तुमची खोली काढायचं त्यांनी केव्हाच ठरवलंय," ती म्हणाली. "खिडकी कुठल्या बाजूला हवी तेवढं तुम्हाला विचारायचं होतं. दर वेळी तेच विचारायला टाकीपाशी यायचे, आणि दर वेळी खेकड्याबद्दल ऐकून परत यायचे."

मी पदराने नाक पुसलं. मग म्हटलं, "पूर्वेला."

"सांगते त्यांना," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.